आप्पांचा घास

"हा घास चिऊचा," मिहू म्हणाली आणि चमचा तोंडात घातला. "हा घास काऊचा." दुसरा चमचा. "आणि हा आप्पांचा!"

आप्पांनी मोठा आ केला. मिहूनं त्यांच्या खुर्चीच्या हातावर गुडघा टेकून चमचा त्यांच्या ओठांपर्यंत नेला, क्षणभर तसाच धरला आणि गर्रकन फिरवून स्वतः गट्ट केला. आप्पांनी रिकामं तोंड मिटलं, दोनदा चावल्यासारखं केलं, डोळे बारीक करून विचार केला आणि निकाल दिला, "मीठ बरोबर!"

मिहू इतकी खिदळली की दोन शितं आप्पांच्या लुंगीवर पडली.

"अहो, काय हे खेळ," आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सिरिंज धुताधुता म्हणाल्या. "पोरीला कसली सवय लावताय?"

"जेवायची. एरवी जेवते का तुझी नात?"

ते खरं होतं. मिहू तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि वाटी दिसली की पलंगाखाली शिरायची. मी तिच्या वजनाचा कागद फ्रिजवर लावला होता आणि दर महिन्याला त्याच्यापुढं उभी राहून रडकुंडीला यायचे. हा खेळ आप्पांनी काढला, तेव्हापासून वाटी रिकामी होऊ लागली. मी कशाला थांबवू?

आप्पांना सात महिन्यांपूर्वी झटका आला होता. हातपाय वाचले, डोकं वाचलं, आवाज तेवढा नाकात गेला. पण गिळणं गेलं. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना, म्हणजे आई, माझा नवरा सुहास आणि मला, समोर बसवून सांगितलं होतं, "तोंडातून काही म्हणजे काही नाही. पाणीसुद्धा. ते पोटात न जाता फुप्फुसात जाईल, आणि या वयात ते झेपणार नाही." तेव्हापासून आप्पांच्या नाकात नळी होती, गालावर चिकटपट्टीनं बसवलेली. दर अडीच तासांनी एक फीड. गाळलेलं वरण, नाचणीची पेज, दूध. सकाळची आणि रात्रीची मी द्यायचे, दिवसाची आई. फीड देताना पाठीशी उशी लावून ताठ बसवायचं आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवायचं, हेही डॉक्टरांनी चारचारदा बजावलं होतं.

आणि ही शिक्षा आप्पांना व्हावी! आप्पा मोजणीदार होते. जमिनी मोजायला चाळीस वर्षं तालुके फिरले, पण त्यांना गावं आठवायची ती वेगळ्याच खुणांनी. "विटा? विट्याला टॉकीजच्या पडद्याला भोक होतं. हिरोईन कुठंही उभी राहो, भोक बरोबर तिच्या नाकावर. पण मध्यंतरात भजी काय मिळायची!" "जतला पिक्चर टुकार होता, पण बाहेरच्या बाईची शेंगदाण्याची चटणी आठवून मी दुसऱ्या दिवशी परत तोच बघितला." सरकारी कामाबद्दल त्यांच्या तोंडून मी अवाक्षर ऐकलं नाही.

आता ते दिवसभर टीव्हीसमोर बसायचे. त्यातही दुपारी दीडचा रेसिपीचा कार्यक्रम. मला वाटायचं, यांना त्रास होत नाही का? मी एकदा हळूच चॅनल बदललं, तर म्हणाले, "ठेव गं. जेवणाची वेळ आहे माझी." मग पडद्यावरच्या बाईला नाकातून ओरडायचे, "बाई, कांदा कच्चाय अजून! टोमॅटो नको, टोमॅटो नको... घातलास? भोग आता." मी हसायचे. स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहायचे. पुन्हा बाहेर जायचे.

रविवारी मटण असायचं. आईंच्या गळ्यात माळ, त्यामुळं मटणाचं पातेलं वेगळं, कपाटही वेगळं. लग्न होऊन आले तेव्हा रविवारी आप्पाच शिजवायचे, आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आत आई विणकामाची पिशवी घेऊन खालच्या मजल्यावर निकमवहिनींकडं जायच्या. हे सगळं मला आप्पांनी शिकवलं. आधी हळद-मिठात शिजवून त्याचं अळणी, म्हणजे बिनतिखटाचं पाणी, वेगळं काढायचं, लेकराबाळांना ते भातावर. मग तांबडा रस्सा. आणि रस्सा मी केला तरी पहिली वाटी त्यांच्या हातात. ते टीव्हीवरची नजर न काढता एक घोट घ्यायचे. "मीठ बरोबर." मग ताटं वाढायची. सहा वर्षांत त्यांनी बघितल्याशिवाय मी मीठ स्वतः कधी बघितलं नव्हतं.

झटक्यानंतर आईंनी रविवार बंद केला. आप्पांनी महिनाभरात तो पुन्हा सुरू करायला लावला. "मला नळी लागलीय, तुम्हाला नाही," ते म्हणाले. "वास तरी येऊ दे घरात."

तो शुक्रवार मला स्वच्छ आठवतो. सुहास कारखान्यात होता. गळीत हंगाम चालू, त्याला ना शनिवार ना रविवार. आई मिहूला घेऊन बालवाडीच्या स्नेहसंमेलनाला गेल्या होत्या. आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, नाकातली नळी किती दिवस ठेवणार, आता पोटाला छिद्र करून तिथूनच कायमची नळी टाकू. पुढच्या गुरुवारची तारीख होती. मी चिकटपट्टी बदलत होते.

"वैजू, गुरुवारनंतर हे नाक मोकळं होणार म्हणे."

"हो आप्पा. चेहऱ्यावर काही नाही राहणार. बरं वाटेल."

"आणि गिळायचं?"

मी पट्टीचं टोक शोधत राहिले.

"कायमची म्हणाला ना तो? मी ऐकलं. बहिरा नाही झालेलो."

"आप्पा, सुधारतं हळूहळू. फिजिओ म्हणत होता..."

"एक घास दे मला."

मला वाटलं, थट्टा करतायत. मी वर बघितलं. ते थट्टा करत नव्हते.

"एकच. रविवारच्या अळण्यातला भात. मऊ कालवून. काय होईल ते होईल, मी बघून घेईन."

"तुम्ही काय बघून घेणार? आप्पा, असं नका बोलू. आईंना काय सांगू मी? सुहासला?"

"त्यांना कशाला सांगायचं? घास मला पाहिजे, त्यांना नाही."

"माझ्या हातून नाही होणार," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "काहीही सांगा, पण हे माझ्या हातून नको."

त्यांनी टीव्हीकडं मान वळवली.

"बरं," ते म्हणाले. "तुझ्या हातून नको."

मी रात्री सुहासला सांगायचं ठरवलं होतं. तो दमून आला, जेवताना ताटावरच पेंगला. शनिवारी सांगू म्हटलं. शनिवारी तो पहाटेच गेला.

रविवारी टीव्हीवर बाराला एक जुना तलवारबाजीचा पिक्चर लागला. आप्पांनी तो सांगोल्याच्या तंबूत बघितला होता. सकाळपासून मजेत होते. "बघ मिहू, आता तो पांढरा घोडा येईल. आला का? आणि आता पूल तुटेल." मिहू त्यांच्या पायाशी बसून प्रत्येक गोष्ट खरी होताना बघत होती. तिला वाटत होतं, आप्पाच हे सगळं घडवून आणतायत.

एकचं फीड आईंनी दिलं. पिक्चरच्या नादात आप्पा खुर्चीत घसरून जवळजवळ आडवे झाले होते.

"अहो, जरा वर सरका. उशी लावते."

"ऐन लढाईत? दे तसंच."

"डॉक्टरांनी..."

"अगं, तो बघ, किल्ल्यात शिरला! दे, दे."

आतून कुकरची पहिली शिट्टी झाली. आईंनी पदर नाकाला लावला, फीड तसंच दिलं, नळीचं तोंड बंद केलं आणि पिशवी उचलली. "मी येते गं तासाभरात," म्हणाल्या आणि खाली गेल्या. मी हे सगळं स्वयंपाकघरातून बघितलं. माझी नजर अशा गोष्टींवर असतेच. उशी राहिली, हे मला दिसलं. पण आईंना कसं सांगायचं, म्हणून गप्प बसले, आणि त्या गेल्यावर मीच जाऊन आप्पांना वर सरकवलं, उशी लावली. फीड देऊन दोनच मिनिटं झाली असतील.

मग मी मिहूसाठी अळणी-भात कालवला. मिक्सरमधून काढल्यासारखा मऊ, तिला तसाच लागायचा. वाटी तिच्या हातात दिली.

"आप्पांपाशी बस. सांडू नको. सगळं संपव."

"चिऊचा, काऊचा, आप्पांचा," ती म्हणाली आणि गेली.

मी तांबड्याची फोडणी केली. बाहेर तलवारींचा खणखणाट चालू होता. मिहूचं काहीतरी चाललं होतं. मग आप्पांचा आवाज आला.

"मीठ कमी आहे, वैजू."

मी अळण्याच्या पातेल्यातून चमचाभर चाखलं. मीठ घालायचंच राहिलं होतं. मिठाची बरणी घेऊन मी बाहेर गेले. आप्पा खुर्चीत मागं रेलले होते. डोळे मिटलेले, कडांना पाणी. मिहू रिकामी वाटी दाखवत होती. "संपलं!"

आणि मग त्यांना खोकला सुरू झाला.

खोकला दहा मिनिटं चालला. मी पाठ चोळली, तोंड पुसलं, खिडकी उघडली. थांबला. ते हसले. "पूल तुटला का गं?" मिहूला विचारलं. आई वर आल्या तेव्हा सगळं नेहमीसारखं होतं. सोमवारी सकाळी ताप चढला. संध्याकाळी श्वास लागला. रुग्णालयात नेलं तेव्हा ओठ निळे पडले होते.

"तोंडातून काही दिलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. लगेच म्हणाले. सुहासनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, इतकं ते उत्तर ठरलेलं होतं.

"मग फीड वर आलं असेल. आडवं ठेवून दिलं होतं का कुणी?"

आई पुढं झाल्या. हातात विणकामाची पिशवी होती, ती का आणली होती कोण जाणे.

"मी दिलं," त्या म्हणाल्या. "रविवारी. ते आडवे होते. मी उशी लावली नाही."

"होतं असं," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

उशी मी लावली, हे मला तेव्हा सांगता आलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की मग झालं कशानं?

आप्पा बुधवारी दुपारी गेले. गुरुवारची तारीख सुहासनं फोन करून रद्द केली.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. आईंनी त्यानंतर टीव्ही बघितला नाही. तो लागला की त्या पाठ करून बसतात. जेवताना भिंतीला पाठ लावून ताठ बसतात, झोपताना तीन उशा घेतात. दर वर्षी तिथीला, पान वाढून झालं की, "मी उशी लावली असती तर..." एवढंच म्हणतात. समोरच्या ब्लॉकमधल्या आजोबांना नळी लागली, तर या न बोलावता गेल्या. त्यांच्या सुनेचा हात धरून म्हणाल्या, "बाई, काहीही विसर, पण उशी विसरू नको. मी विसरले होते." मी मागं उभी होते. त्यांची चप्पल हातात घेऊन.

मला सांगायचं होतं. पहिल्या वर्षी तर रोज. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? आईंच्या छातीवरचा दगड उचलायचा, तर तो ठेवायला घरात एकच जागा होती. तिनं तेव्हा नुकतंच शाळेत जायला सुरुवात केली होती. आप्पांचा मला राग येतो, तो याचाच. माझा हात नको म्हटलं, तर त्यांनी तिचा घेतला. भूक लागलेल्या माणसाला हे सुचत नसेल. मला मात्र दुसरं काही सुचत नाही.

गेल्या रविवारी मिहूनं पहिल्यांदा सगळं मटण स्वतः केलं. सातवीत आहे आता. खायला लागली आहे पोटभर, वजनाचा कागद कधीच फाटून गेला. आईंना हल्ली जिने चढवत नाहीत, त्यामुळं त्या निकमवहिनींकडं जात नाहीत. वास सहन करत आपला दहीभात घेऊन आमच्यातच बसतात. सुहासनं पिक्चर लावला होता. मिहूनं वाटीत रस्सा घेतला, फुंकर मारून एक घोट घेतला, डोळे बारीक केले आणि नाकातून म्हणाली, "मीठ बरोबर!"

आईंना हसू आलं. किती दिवसांनी. "आठवतं गं तुला अजून?"

"आठवतं म्हणजे काय! रोज म्हणायचे. मी चमचा नेला की, मीठ बरोबर." मिहूनं भाकरी मोडली. "फक्त एकदा म्हणाले, कमी आहे. आणि खरंच कमी होतं. आई बरणी घेऊन आली होती."

आईंचा हात ताटात थांबला.

"खरंच कमी होतं?"

"हो. मी खाल्लं ना. अगदी पचपचीत."

"मग," आई सावकाश म्हणाल्या, "त्यांना कसं कळलं?"

मिहूनं कपाळाला आठी घातली. ती आठवत होती. खरोखर आठवत होती, तिची बोटं हवेत चमचा धरल्यासारखी झाली होती. सुहास पिक्चर बघत होता. आईंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर नऊ वर्षांत प्रथमच कसली तरी आशा होती.

मी वर लिहिलं आहे, की आप्पांचा आवाज आला तेव्हा मी फोडणी करत होते. तसं नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हातात झारा होता. "आप्पा, आज खरं खरं?" असं मिहूनं विचारलेलं मी ऐकलं, आणि त्यांनी मान हलवलेली बघितली. पहिला चमचा त्यांच्या तोंडात गेला तेव्हा माझ्या घशापर्यंत हाक आली होती. दुसऱ्या चमच्याला मी त्यांचा चेहरा बघत होते. तसा चेहरा मी कुठल्याच माणसाचा बघितलेला नाही. तिसऱ्या चमच्याला मला गुरुवार आठवला, सात महिने आठवले, पहाटेचं फीड, रात्रीचं फीड, माझी सोडलेली नोकरी, आणि मनात आलं, होऊ दे. मग त्यांनी डोळे उघडले. सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, मीठ कमी आहे, वैजू.

ते 'होऊ दे' त्यांच्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे मला ठरवता आलेलं नाही.

"आई?" मिहू म्हणाली. "तू होतीस ना तिथं?"

आईंच्या बोटांवरून दही ताटात गळत होतं.

"साडेतीन वर्षांची होतीस तू," मी म्हणाले. "तुला काय आठवणार? टीव्हीत बघितलं असशील कुठंतरी."

"नाही गं, मला..."

"जेव."

मिहूनं खांदे उडवले आणि रस्सा ओरपला. आई आणखी थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मान खाली घातली.

"टीव्हीतलंच असेल," त्या म्हणाल्या, आणि पाठ भिंतीला ताठ लावून पुढचा घास घेतला.